मदत हवी आहे: कवळी बसवल्यावर रोजच्या भाज्या कशा कराव्यात?

सासूबाईंना नुकतीच कवळी बसवली आहे. त्यांना भाकरीबरोबर भाजी लागते ती कोरडी, परतलेलीच. गवार ओव्याच्या फोडणीची, भेंडी आमसूल घालून खरपूस, मेथी मूगडाळ पेरून. आता यातलं काहीच नीट चावत नाही. चाकवताची ताकातली भाजी आणि लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत आवडीनं खातात, अळूचं फदफदं तर मागून घेतात. पण चाकवत आणि अळू आमच्या बाजारात रोज मिळत नाहीत. दुधी केला की "मी काय आजारी आहे का?" असं ऐकावं लागतं. (बिचारा दुधी!)

गवारीच्या शिरा काढून कुकरला एक शिट्टी दिली. मऊ झाली, पण परतलेली चव गेली. घेवडा, पडवळ, दोडका तुम्ही मऊ आणि तरीही सुके कसे करता? झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवलं तर गवार पुरेशी मऊ होते का? दाण्याचं जाडसर कूट कवळीखाली अडकतं, त्याऐवजी ओलं खोबरं वाटून घातलेलं चालेल का? भाकरीचंही सुचवा, दुधात कुस्करून खायला त्या अजिबात तयार नाहीत.