जुन्या पेपरची नुसती लिंक डकवली म्हणजे पुरावा झाला का?

चोपडीवाला
कुणबी नोंदींच्या निमित्ताने असो की नुसत्या हौसेने, घरोघरी वंशावळी निघतायत, चांगलंच आहे. पण जो तो पणजोबांच्या नावापुढे ऑनलाइन सापडलेल्या जुन्या पेपरची लिंक डकवतो आणि मोकळा होतो, हे मला बिलकुल पटत नाही. उद्या साइटने मांडणी बदलली की लिंक गेली, आणि पैसे भरून बघायची साइट असेल तर ती आजही बाकीच्यांना उघडत नाही. पेपरचं नाव, गाव, अंकाची तारीख, छापील पान, कॉलम एवढं लिहायला काय जातं? छापील पान म्हणतोय, स्कॅनचा नंबर नाही. अख्ख्या वर्षाची बांधीव फाइल स्कॅन केलेली असते, त्यात 'इमेज ३१२' वरून कुणाला काय कळणार.

आणि अंकाची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे हो! न्यायमूर्ती रानडे गेले १६ जानेवारी १९०१ ला, बुधवारी. केसरी तेव्हा साप्ताहिक, मंगळवारचा, म्हणजे त्यानंतरचा अंक थेट २२ तारखेचा. रानड्यांची तारीख पुस्तकात सापडते म्हणून ठीक, आपल्या पणजोबांची कोण तपासणार?

निवांत नागपूरकर
अहो साहेब, आपण पीएचडी करून राहिलो का? माझ्या घरी वंशावळ म्हणजे काकांच्या वहीतली चार पानं, त्यात 'अमुक पेपर, १९१२ च्या आसपास' लिहिलं तरी पुढच्या पोराला धागा मिळतो. तुम्ही म्हणता तसं कॉलमबिलम मागायला लागलो तर आमचे मामा जे सापडलं तेही सांगणार नाहीत. आधी गोळा होऊ द्या, नीटनेटकं नंतर करता येते.

अक्षरशत्रू
नागपूरकर, नंतर कुणी करत नाही, 'आसपास' तसंच छापील कुलवृत्तांतात जातं आणि मग ते ब्रह्मवाक्य. मला वेगळंच खटकतं. बरेच जण पान बघतच नाहीत, सर्चमध्ये आलेला मजकूर कॉपी करतात. तो मजकूर मशीनने वाचलेला असतो! जुन्या शिळाप्रेसच्या (दगडावरून छापलेल्या) किंवा झिजलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत 'खरे' चं 'रवरे' होतं, 'घाटे' चं 'धाटे', 'भ' चा 'म' तर विचारूच नका. इंग्रजी पेपरात वेगळा घोळ, जोशी कुठे शेवटी डबल-ई लावून Joshee, पुणे म्हणजे पूना, कोल्हापूरच्या शेवटी दोन ओ. म्हणून नाव सापडलं नाही याचा अर्थ बातमी नाही असा होत नाही, आणि सापडलं तरी पान डोळ्याने बघितल्याशिवाय लिहू नये. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हवर निदान प्रत्येक बातमीला कायमची लिंक असते आणि वाचणारे लोक मशीनच्या चुका दुरुस्तही करतात, आपल्याकडे कधी होणार देव जाणे.

सातबारा
मुळात पेपर हा पुरावाच नाही असं माझं मत, कितीही कॉलम नंबर लिहा. बातमीदाराने ऐकलं, खिळे जुळवणाऱ्याने लावलं, संपलं. बायकांचं तर नावच नाही, 'रा. रा. अमुक यांच्या पत्नी' एवढंच. त्यापेक्षा जन्ममृत्यूचं रजिस्टर, शाळेचा दाखला, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या बघा.

चोपडीवाला
@सातबारा रजिस्टर प्रत्येक गावचं टिकलंय कुठे? आणि उपाध्यायांकडे जे यात्रेला गेले त्यांच्याच नोंदी. पणजोबा प्लेगात गेले की नोकरीवर असताना, बदली कुठे झाली, पोस्टात होते की रेल्वेत, हे चोपडीत नसतं, पेपरात असू शकतं. मी पेपर शेवटचा शब्द म्हणतच नाहीये. कुठून घेतलं ते नीट लिहा म्हणजे पुढच्याला त्यावर शंका तरी घेता येईल, एवढंच मागणं आहे.

इंदूरकर भिया
तारखेवरून आठवलं, शके लिहिलेलं असेल तर इंग्रजी सन काढायला डोळे मिटून ७८ मिळवू नका. माघ शके १८१८ म्हणजे १८९७ उजाडलेलं असतं, १८९६ नाही. मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात आला आणि पुण्यात १८९७ च्या सुरुवातीला भडकला, तेव्हा वर्षाच्या फरकाने गोष्टच बदलते. आणि आमच्यासारखे इंदूर-ग्वाल्हेर-काशीकडचे असाल तर अजून एक खड्डा. हिंदी पेपरातला कार्तिक कृष्ण पक्ष म्हणजे आपला आश्विन वद्य, दिवाळीची अमावास्या त्यांची कार्तिकी आणि आपली आश्विनातली. म्हणून मी तर म्हणतो तिथी जशी छापली तशीच उतरवा आणि इंग्रजी तारीख शेजारी कंसात, आपण काढलीय असं सांगून.

निवांत नागपूरकर
तिथीचं पटलं बुवा, ते लिहीन. कॉलम नंबर मात्र लिहिणार नाही.

अक्षरशत्रू
नका लिहू, पण निदान पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, वरची पेपरच्या नावाची आणि तारखेची पट्टी येईल असा. लोक नेमकं बातमीपुरतं कापतात आणि तीच पट्टी उडवतात.