शब्दचर्चा: ‘गहाळ लायब्ररी’ म्हणजे नक्की काय झालं?

अंधेरीचा खटपट्या:
मदत हवी आहे, पण कोडची नाही, शब्दाची. आम्ही सोसायट्यांच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजणारं एक डबडं बनवतो. आत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला आर्म जातीच्या प्रोसेसरचा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स. बोर्डावरच प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालणारी फाइल करायला, बसलं तर चहा होऊन जेवणही उरकतं, म्हणून आम्ही तो ऑफिसच्या इंटेल पीसीवर आर्मसाठी क्रॉस-कंपाइल करतो. नव्या डिप्लोमावाल्या पोरांसाठी मी नेहमीच्या एररचं एक मराठी पान लिहितोय. प्रोग्रामला लागणारी तयार कोडची फाइल मिळाली नाही की आम्ही ‘मिसिंग लायब्ररी’ म्हणतो, तिला ‘गहाळ लायब्ररी’ लिहिलं. एकाने वाचून विचारलं, ‘‘सर, गहाळ कुणी केली?’’ आधी हसू आलं, मग उत्तर सुचेना. गहाळ, हरवलेली, बेपत्ता, अनुपलब्ध... काय लिहू?

कोशवाली:
पोराचं बरोबर आहे. ‘गहाळ’ म्हटलं की वस्तू आधी होती आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणाने गेली, असं येतं. फाइल गहाळ होते, पावती गहाळ होते. पाऊस गहाळ होत नाही. ‘बेपत्ता’मध्ये फारसी ‘बे’ पत्त्याला लागलाय. अर्थ चांगला आहे, पण पोलिसांच्या पत्रकाचा वास येतो. ‘अनुपलब्ध’ हे खिडकीतून मान वर न करता दिलेलं उत्तर. मूळ मेसेजमध्ये ‘मिसिंग’ हा शब्द आहे का?

अंधेरीचा खटपट्या:
नाही की! लिंकर, म्हणजे प्रोग्रामला लायब्ऱ्या जोडणारा, फक्त ‘कॅनॉट फाइंड -एलएसएसएल’ म्हणतो, म्हणजे एसएसएल नावाची लायब्ररी सापडत नाही. ‘मिसिंग’ आम्हीच बोलतो.

कोशवाली:
मग ‘सापडत नाही’. सापडणं हे शोधणाऱ्यावर असतं. पोराला कपाटात शर्ट सापडत नाही, आई त्याच कपाटातून काढून देते.

दादर पश्चिम:
मुळात ‘लायब्ररी’ कशाला? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. ‘ग्रंथालय’ लिहा, हा शब्द कमावलेला आहे.

जुना मदरबोर्ड:
दादरकर, शब्द कमावलेला आहे पण दुसऱ्या कामासाठी. ग्रंथालयात जाऊन आपण पुस्तक मागतो. इथे तयार फंक्शनांनी भरलेली ‘.एसओ’ फाइल हीच लायब्ररी. पोरांना ‘ग्रंथालय लिंक करा’ सांगितलंत तर ती दादरची लोकल पकडतील. ‘लायब्ररी’ राहू द्या.

कोशवालींचं ‘सापडत नाही’ मात्र सोळा आणे खरं, आणि नुसतं भाषेपुरतं नाही. त्या वाक्याच्या वरची ओळ वाचायची सवय लावा. तिथे बहुतेक वेळा ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असं येतं. म्हणजे लिंकरला लायब्ररी दिसली होती, पण ती पीसीची, इंटेलची. आर्मच्या प्रोग्रामला ती चालत नाही म्हणून सोडून दिली, पुढे शोधलं, काहीच हाती लागलं नाही, तेव्हा म्हणाला सापडत नाही. स्थळ पाहिलं, पत्रिका जुळली नाही, आणि घरी येऊन सांगितलं की स्थळंच मिळत नाहीत! त्याला पानावर वेगळा शब्द द्या: ‘जुळत नाही’. उपायही वेगळा. सापडत नसेल तर जागा दाखवायची, जुळत नसेल तर आर्मची आणायची. डेबियनवर (लिनक्सचाच एक अवतार) आधी आर्मएचएफ, म्हणजे हार्ड-फ्लोट आर्म, हे आर्किटेक्चर जोडायचं आणि मग लिबएसएसएल-डेव्ह हे बांधणीसाठीचं पॅकेज त्या आर्किटेक्चरचं मागून घ्यायचं. काही जण एरर आली की कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या ‘-एल’ला (कॅपिटल एल) थेट पीसीचं ‘/यूएसआर/लिब’ जोडतात. रोग परवडला पण ते औषध नको.

अंधेरीचा खटपट्या:
आम्ही बोर्डावरची लिबएसएसएल.एसओ.३ उचलून सिसरूटमध्ये, म्हणजे पीसीवरच्या बोर्डाच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, टाकली होती. आर्मचीच. तरी तेच रडगाणं.

जुना मदरबोर्ड:
कारण ‘-एलएसएसएल’ म्हटलं की लिंकर लिबएसएसएल.एसओ किंवा लिबएसएसएल.ए एवढीच नावं विचारतो. शेवटी ३ लागला की ओळख नाही. बिनआकड्याचं नाव ही एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव, असते आणि ती डेव्ह पॅकेजमधून येते. तुमच्या लॅमिंग्टन रोडचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रस्ता तोच. पण एखाद्याला एकच नाव माहीत असेल आणि पाटीवर दुसरं असेल, तर तो त्या रस्त्यावर उभा राहूनच रस्ता विचारत बसेल.

सिमलिंकची आणखी एक खोड आहे, पण तिला मराठी शब्द मला सुचलेला नाही. बोर्डाची अख्खी फाइलसिस्टम पीसीवर एका फोल्डरमध्ये उतरवली की काही सिमलिंक ‘/लिब/...’ अशा थेट मुळापासूनच्या पत्त्याच्या असतात. बोर्डावर ते मूळ बोर्डाचं. पीसीवर त्याच पत्त्यावर गेलं की लिंकर पीसीच्या घरात शिरतो.

कोशवाली:
अहो, हा तर ‘आपलं’ आणि ‘आमचं’मधला घोळ! ‘आपल्या घरी ये’ हे चिठ्ठीत लिहिलं तर वाचणाऱ्याला कुणाचं घर कळणार? ‘शेजारच्या खोलीत’ लिहिलं असतं तर चिठ्ठी कुठेही नेली तरी चाललं असतं. ‘घरचा पत्ता’ आणि ‘शेजारचा पत्ता’ म्हणा.

जुना मदरबोर्ड:
वा. अ‍ॅब्सोल्यूट-रिलेटिव्ह शिकवताना मी घसा कोरडा करायचो. सिमलिंका शेजारच्या पत्त्याच्या करून घ्या, काम होतं.

अंधेरीचा खटपट्या:
दोन दिवसांनी परत आलो. लिंक झालं, फाइल बोर्डावर नेली, चालवली. उत्तर: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. एलएसने यादी काढली तर फाइल समोर! आता हे कुठल्या क्रियापदात बसवू?

जुना मदरबोर्ड:
तुमची फाइल आहे. नाहीये तो तिला मेमरीत चढवणारा लोडर. फाइलच्या आत त्याचं नाव कोरलेलं असतं. हार्ड-फ्लोट आर्मसाठी (दशांश आकडे प्रोसेसरच्या खास रजिस्टरांतून पाठवण्याची पद्धत) ते एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३. बोर्डावर सॉफ्ट-फ्लोटची जुनी सिस्टम असेल तर त्या नावाचं तिथे काही नसतं. कर्नल ‘नाही’ म्हणतो, पण कोण नाही ते सांगत नाही. पीसीवर फाइलचं पोट उघडून दाखवणारं ‘रीडएल्फ -एल’ (लहान एल) चालवा, इंटरप्रिटरची, म्हणजे त्या लोडरची, ओळ दिसेल. ‘-डी’ लावलंत तर कुठल्या कुठल्या लायब्ऱ्या लागतात तेही नीडेडपुढे दिसेल. लायब्ऱ्यांची यादी देणाऱ्या एलडीडीच्या नादाला लागू नका, परक्या आर्किटेक्चरच्या फाइलपुढे तो हात वर करतो.

कोशवाली:
इथे ‘सापडत नाही’ नको. ‘चढवणारा नाही’ लिहा. मराठीत कर्ता सांगितला की निम्मं भांडण मिटतं.

अंधेरीचा खटपट्या:
लोडरचंच होतं. बोर्डावर हार्ड-फ्लोटचं डेबियन ११ टाकलं. आता शेवटची एक: ‘व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड’. पीसीवर डेबियन १२ आहे.

जुना मदरबोर्ड:
ग्लिबसी म्हणजे लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी. डेबियन १२ मध्ये ती २.३६, ११ मध्ये २.३१. लायब्ररी तिथेच आहे, नाव तेच, जातही तीच. पण प्रोग्राम जे मागतोय ते तिच्यात अजून आलेलं नाही. नवी ग्लिबसी बोर्डावर कोंबू नका, सगळी सिस्टम तिच्यावर उभी असते. पीसीवर डेबियन ११ चा कंटेनर, म्हणजे पीसीच्या आतच वेगळी ठेवलेली डेबियन ११ ची खोली, घ्या आणि त्यातल्या टूलचेनने, म्हणजे कंपायलर-लिंकरच्या संचाने, बांधा.

दादर पश्चिम:
‘अपुरी’?

कोशवाली:
‘अपुरी’त तुकडा राहिल्यासारखं वाटतं. ही पूर्ण आहे, फक्त जुन्या मापाची.

अंधेरीचा खटपट्या:
ऑफिसातून कळवतो: त्याच पोराने पानावर पेनाने ‘ग्लिबसी तोकडी पडते’ असं लिहून ठेवलंय. मी खोडलं नाही.