मदत हवी आहे: कुंडीत टाकळा उगवेना

मंडळी, टाकळा कुंडीत मुद्दाम लावून कुणी उगवलाय का? पहिल्या पावसानंतर आमच्या गेटबाहेर गटाराकडेला तो नुसता माजतो, पण तिथला खायला नको वाटतो. म्हणून गावाहून वाळलेल्या शेंगा आणल्या. बी तपकिरी, चकचकीत, खड्यासारखं टणक. शेणखत घातलं, रोज पाणी दिलं, तरी एक कोंब नाही! उलट शेजारी मिरचीच्या बुंध्याशी आघाडा न बोलावता हजर.

टाकळ्याच्या बियांचं जाड कवच पाणी आत शिरू देत नाही, एवढं माहीत आहे. मग ते सँडपेपरवर घासू की गरम पाण्यात रात्रभर भिजवू? कोवळ्या पानांची, भरपूर कांदा आणि ओलं खोबरं घातलेली भाजी घरात सगळ्यांना फार आवडते. पावसाळा सरायच्या आत एखादी जुडी तरी हाती यावी. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.