२ जीबी रॅमचा कोअर टू ड्युओ लॅपटॉप: लिनक्स ३२-बिट टाकावं की ६४-बिट?

जुनी_मशीन
"रॅम कमी आहे ना, मग ३२-बिट टाका" हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरसाठी तो आता चुकीचा आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा चालवा. ऑप-मोडच्या (op-mode) ओळीत ६४-बिट दिसलं तर ६४च टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२-बिट इन्स्टॉलर नाही, कर्नलही (लिनक्सचा गाभा) नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स मार्च २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने १४५व्या आवृत्तीपासून. ज्या मशीनवर बँकेची साइट उघडायची, तिथे ब्राउझर ताजा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

खडकवाट
असहमत. ६४-बिटमध्ये प्रत्येक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ४ऐवजी ८ बाइटचा. तोच डेस्कटॉप, तेच प्रोग्रॅम, तरी मेमरी जास्त जाते. ४ जीबीवर हे जाणवणार नाही, २ जीबीवर जाणवतं: पाचवा टॅब उघडला की स्वॅप (रॅम भरल्यावर मजकूर डिस्कवर टाकणं) सुरू, आणि ५४०० आरपीएमची डिस्क करकरत बसते, माउसचा बाण जागचा हलत नाही. डेबियन १२ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. त्यावरच बेतलेलं अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स ३२-बिटमध्ये मिळतं, आइसडब्ल्यूएम या हलक्या डेस्कटॉपवर चालतं आणि २५६ एमबीच्या मशीनचाही विचार करून बांधलेलं आहे.

जुनी_मशीन
पॉइंटरचं गणित बरोबर, पण रॅम खातो तो ब्राउझर. क्रोमियमने (क्रोमचा मुक्त पाया) ८०व्या आवृत्तीपासून ६४-बिटमध्येही जावास्क्रिप्टचे पॉइंटर ३२ बिटांत दाबून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे फरक तिथेच बराच कमी होतो. आणि अँटीएक्स २३ ६४-बिटमध्येही आहे! स्वॅपसाठी झेडरॅम-टूल्स बसवा (झेडरॅम म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप): रॅमच्या ५० टक्के, दाबण्याची पद्धत एलझेड४. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण या प्रोसेसरला ते जड जातं. डिस्कवर २ जीबीचा स्वॅप तरीही ठेवाच, नाहीतर झेडरॅम भरल्यावर कर्नल थेट ब्राउझर मारतो.

तांब्याची_तार
दोघंही डिस्क विसरताय. डिस्क साटा कनेक्टरची असेल तर १२० जीबीची एसएसडी बसवा. पोर्ट पहिल्या पिढीचं असलं तरी चालतं, कारण खरा फायदा वेगवेगळ्या जागचं पटकन वाचण्यात आहे. एसएसडी ७ मिमी जाड, जुनी डिस्क ९.५; मधे २.५ मिमीची पट्टी चिकटवली नाही तर ती कनेक्टरवर हलत राहते.

आणखी एक, यात लोक हमखास अडकतात. सीमॉसचा (घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपणारा) सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग एपीटी (डेबियनचं प्रोग्रॅम बसवणारं साधन) म्हणतं रिलीज फाइल अजून वैधच नाही, ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि दोष लिनक्सवर येतो. आधी बायोसमध्ये तारीख लावा, मग सेल बदला. काही लॅपटॉपमध्ये तो तारेच्या कनेक्टरसकट येतो, तसाच मागून घ्या.

खडकवाट
झेडरॅमचा मुद्दा पटला. २ जीबीवर ६४ मान्य. पण सरसकट नको: अॅटम एन२७०, पेंटियम एम, कोअर टू ड्युओच्या आधीचा पहिला कोअर ड्युओ हे प्रोसेसर ३२-बिटच आहेत. काही पेंटियम एममध्ये पीएई (३२-बिट कर्नलला लागणारी मेमरीची सोय) असूनही प्रोसेसर ते सांगत नाही, तिथे बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' (forcepae) द्यावं लागतं. १ जीबीवर तर मी ३२वरच ठाम आहे.

जुनी_मशीन
१ जीबी असेल तर आधी रॅम वाढवा, डीडीआर२ (त्या काळची रॅम) जुन्या बाजारात मिळते. फक्त चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य चिप) बघा. इंटेल ९४५वर ४ जीबी लावली तरी ३च्या आसपासच दिसते. मर्यादा चिपसेटची आहे, ६४-बिट टाकून ती सुटत नाही.

तांब्याची_तार
मराठी टायपिंगसाठी आयबस (टायपिंगचा वेगळा प्रोग्रॅम) चढवू नका, तो कायम मागे चालत राहतो. इन्स्क्रिप्ट ही मांडणी एक्सकेबीतच (लिनक्सची कीबोर्ड व्यवस्था) आहे: कीबोर्ड मांडणीत अमेरिकेसोबत भारत जोडा, ऑल्ट-शिफ्टने बदला. फॉन्टला लोहित देवनागरी पुरे.