निवृत्तीनंतर वर्षातले सहा महिने शिडाच्या बोटीवर: बेळगावकरांनी सुरुवात कशी करावी?

तिसरे_गेट
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं टिळकवाडीतली. मिस्टर यंदा बँकेतून निवृत्त झाले, मी शाळेतून त्याआधीच सुटले. मुलगा पुण्यात आपल्या संसारात आहे. घरी आता दोघंच.

विचार असा आहे की दिवाळी झाली की खाली उतरायचं, एप्रिलपर्यंत शिडाच्या बोटीवर राहायचं आणि मालवण, वेंगुर्ले, गोवा, कारवार, जमलं तर होन्नावर असं किनाऱ्याकिनाऱ्यानं सावकाश फिरायचं. पावसाळा बेळगावात. जगप्रदक्षिणा वगैरे डोक्यात नाही. मिस्टरांनी गोव्यात लहान शिडाच्या होडीचा प्राथमिक कोर्स केलाय. मला पोहता येतं, पाण्याची भीती नाही, पण बोटीतलं ओ की ठो कळत नाही.

बोट केवढी असावी, ती ठेवायची कुठे, पावसाळ्यात तिचं काय करायचं आणि माझ्यासारखीनं नेमकं काय शिकायचं, एवढं सांगा. पैसे पीएफमधून बाजूला काढलेले आहेत, म्हणजे नवी कोरी बोट नाही. "या वयात" हे दोन शब्द मात्र टाळा, ते घरी सगळ्यांकडून ऐकून झालेत.

निपाणीकर
वहिनी, आंबोलीत एक छोटं घर घ्या, तिथनं समुद्र दीड-दोन तासांवर. नांगर नको, पंप नको, उलट्या नकोत. दोघांच्या जिवावर बोट चालवणं म्हणजे खेळ नव्हे.

मांडवीकाठ
@निपाणीकर, नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी 'तारिणी' घेऊन 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून 29 मे 2025 ला परत आल्या. 56 फुटी बोट. त्या प्रशिक्षित अधिकारी होत्या हे कबूल, पण दोन माणसांत बोट चालत नाही असं नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. मी बरीच वर्षं पणजीत आहे आणि दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून या किनाऱ्यावर हिंडलोय.

26 ते 30 फुटांच्या वर जाऊ नका. शीड, नांगर, साखळी सगळं लांबीबरोबर जड होत जातं आणि ते ओढणारे हात चारच राहणार आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोट पाण्याखाली किती खोल जाते ते बघा. सव्वा मीटरच्या आसपास असेल तर कोकणातल्या बऱ्याच खाड्या उघडतात, दोन मीटरची असेल तर बाहेर डोलत बसाल. दोन कीलवाली (कील म्हणजे तळाखालचा जड पाटा) मिळाली तर सोनंच, ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते. डोलकाठीची उंचीही विचारून घ्या. खाडीत आत शिरताना पूल आणि आडव्या विजेच्या तारा लागतात.

इंजिन डिझेल, बोटीच्या पोटात बसवलेलं. आपल्याकडची मच्छीमारी डिझेलवर चालते, त्यामुळे लहान बंदरातसुद्धा मिस्त्री मिळतो.

वाऱ्याचं गणित शाळेतच शिकलोय आपण, खारे वारे आणि मतलई वारे. पहाटे जमिनीकडून पूर्वेचा हलका मतलई, दुपारपासून वायव्येचा खारा, तो 10 ते 15 नॉट (ताशी सागरी मैल) सहज असतो. म्हणून दक्षिणेकडे जाताना दुपारी पाठीवर वारा घेऊन मजेत जाता येतं. परत उत्तरेला येताना तोच वारा तोंडावर. तेव्हा पहाटे चारला उठायचं, मतलईवर आणि इंजिनावर जेवढं जमेल तेवढं कापायचं आणि बारा-एकच्या आत नांगर टाकायचा. जाताना शिडं, येताना डिझेल, असा हिशोब आधीच मनात धरा. जानेवारी ते मार्च कधीकधी तिकडे आखातात वारा सुटतो आणि इथे वारा नसतानाही वायव्येकडून लाटा येतात, अशा वेळी उघड्या बंदरात रात्रभर झोप लागत नाही.

5 नॉट धरले तर ताशी नऊ किलोमीटर. विजयदुर्ग ते देवगड एक सकाळ. मालवण ते वेंगुर्ले तसंच. वेंगुर्ले ते आग्वाद साधारण 25 सागरी मैल, आरामात एक दिवस. आग्वाद ते कारवार 45 च्या आसपास, म्हणजे मध्ये पाळोळ्याला मुक्काम करा.

दिवाळीला निघायची घाई नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. 2017 चं ओखी, 2019 चं क्यार आठवा. मे महिन्याचाही भरवसा नाही, 2021 चं तौक्ते गोव्याच्या दारावरून गेलं. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज सकाळी बघायचा, चहाच्या आधी.

बोट मांडवीत ठेवा. चोर्ला घाटानं उतरलात की तीन-साडेतीन तासांत बोटीवर. सगळ्या सोयींची मरिना हवी तर कोचीपर्यंत जावं लागेल. गोव्यात नदीत मुरिंगवर (तळाशी कायम अडकवलेल्या बोयाला बोट बांधून) राहायचं आणि छोट्या होडीनं ये-जा करायची.

उद्यमबाग
मी फौंड्रीवाला, शिडातलं मला काही कळत नाही, पण धातूतलं कळतंय म्हणून सांगाय लागलोय. जुनी बोट घ्यायला गेलात की लोखंड-पितळ नीट बघा.

स्टेनलेस म्हणतात ते सगळं एक नसतंय. 304 खाऱ्या पाण्यात बारीक भोकं पडून खातंय. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतंय, ते टिकतंय. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवल्यात त्या 304 च्या असल्या तर बदलून घ्या. पाण्याखालचे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे नकोत. पितळेतलं जस्त समुद्र काढून घेतंय, वरून पिवळं दिसतंय आणि आत गुलाबी, ठिसूळ होऊन बसतंय. एक दिवस हातात येतंय आणि बोटीत पाणी. गनमेटल (तांबं-कथिलाचं ओतीव) घ्या. ओतून पाहिजे असेल तर आपल्या उद्यमबागेत नमुना दाखवला की कुणीही ओतून देईल, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

बाकी धातूच्या आधी तेच झिजावेत म्हणून जस्ताचे तुकडे लावतात ना पंख्याजवळ (बोट ढकलणारा), ते अर्धे झिजले की बदलायचे. बोट नदीच्या मचूळ पाण्यात उभी राहणार असेल तर ॲल्युमिनियमचे बरे, जस्तावर तिथं थर बसतोय.

म्हादई (गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात) आपल्या खानापुरातनंच खाली जाते, तिच्याच तोंडाशी बोट ठेवायलाय म्हणजे पाणी तरी घरचं. (त्या पाण्याच्या वादावर इथं नको, वेगळा धागा काढा.)

वेंगुर्लेकार
माझा आजा तांडेल होतो, म्हणून थोडा हक्कान लिहितंय.

रात्रीचा किनाऱ्यालगत जावचाच नाय. जाळ्यांचो बाजार असता. बांबूक काळो बावटो, दिवो असलो तर असलो. पंख्यात जाळा गेला की इंजिन बंद, आणि जाळ्याचो मालक येऊन भांडता तो वेगळोच. त्याचा बरोबरच आसा, त्याची हजारांची जाळी जातत. दिवसा बावट्यांच्या बाहेरून जावा, बंदरात गेल्यावर मच्छीमारांका विचारा खंय काय टाकलाहा. बोटीवर धारदार सुरी आणि पाण्यातला चष्मा ठेवा.

खाडीच्या तोंडावरची वाळू दरसाल जागा बदलता. तेरेखोल, शापोरा, शरावती, खंयही शिरताना अर्धी भरती झाल्यावर शिरा, म्हणजे टेकली तर पुढच्या पाण्यान सुटात. ओहोटीत टेकली तर बसा सहा तास. मालवणात खडक पाण्याखाली आसत, तिथे पहिल्या वेळेक कोणीतरी गावचो माणूस सोबत घ्या. आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या) पाण्याचो भरोसो करून उथळ जागेत नांगर टाकू नको. उधाणाक तीच जागा कोरडी पडता.

आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागूच्या, आधी बोट वर काढून शाकारूक व्हयी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असता ती उगाच नाय.

खारी_हवा
ताई, वरच्या सगळ्यांनी बोटीबद्दल सांगितलं. "माझ्यासारखीनं काय शिकायचं" हा प्रश्न कुणी घेतलाच नाही म्हणून लिहिते. मी आणि नवरा दोघं मिळून हेच करतो, मुंबई ते गोवा पट्ट्यात.

नवरा कप्तान आणि बायको स्वयंपाक, ही वाटणी बोटीवर धोक्याची आहे. एकच विचार करा: दुपारी वारा वाढलाय, भाऊजी पुढे शीड आवरायला गेले आणि पाण्यात पडले. आता बोटीवर तुम्ही एकट्या. बोट थांबवणं, वळवणं, त्यांच्याजवळ नेणं आणि ओल्या कपड्यातल्या माणसाला बाजूनं वर ओढणं, सगळं तुम्हाला. हे जमत नसेल तर बोट घ्यायची वेळ आलेली नाही. पाण्यात एक मोठी बोया टाकून याचा सराव शांत हवेत पुन्हापुन्हा करा. वर ओढण्यासाठी हातांच्या जोरावर विसंबू नका, कप्पी आणि दोरी लावून ठेवा, शिवाय मागे पाण्यात उतरणारी शिडी हवीच. आणि मुळात पडूच नये म्हणून कमरपट्टा दोरीनं बोटीला अडकवलेला. आमच्यात नियम आहे, एकटं कुणी वर असेल तर पट्टा लावलेलाच.

नांगर तुम्ही टाका, तुम्हीच काढा. पाणी 5 मीटर, भरतीनं आणखी 2 चढणार, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची 1, झाले 8, त्याच्या पाचपट म्हणजे 40 मीटर साखळी बाहेर. (गोव्याला भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक, मुंबईला उधाणाला चार-पाच. उत्तरेला गेलात की हिशोब बदला.) एवढी साखळी हातानं ओढून कंबर धरते, म्हणून बोट बघताना नांगराचं रहाट आहे का ते विचारा. नसेल तर तेवढे पैसे कमी द्या आणि बसवून घ्या. चकचकीत स्वयंपाकघर दाखवतील तुम्हाला, बाई म्हणून. तिकडे नंतर बघा.

कोर्स दोघांनी वेगवेगळा करा, एकाच बोटीवर नको. नवरा शेजारी असला की तो दोरी हातातून काढून घेतो, यात वाईट हेतू नसतो पण आपण शिकत नाही. व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ) वाहिनी 16 वर मदत कशी मागायची ते तोंडपाठ. मोबाईलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

सॅटेलाइट फोन घेऊ नका. मुलगा काळजीपोटी परदेशातून मागवून देईल, पण थुराया-इरिडियम परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, गोव्याच्या विमानतळावर त्यापायी परदेशी पाहुणे अडकलेले आहेत. व्हीएचएफलाही परवाना लागतो, तो बोटीच्या कागदांबरोबर मागा.

गॅस. हा हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साचतो आणि वास वरपर्यंत येत नाही. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याचं भोक थेट समुद्रात उघडतं. रोज शेगडी झाल्यावर नळ सिलिंडरलाच बंद. भाकरी मजेत होतात, शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते.

उलटीसाठी ॲव्होमिन निघायच्या आधी घ्यायची, लागायला लागल्यावर उपयोग नाही. डॉक्टरांना विचारून, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर.

निपाणीकर
माझं आंबोलीचं मागे घेतो. पण चोर्ला घाटात ज्यांना लागतं त्यांनी आधी त्या गोळीची चाचणी घाटातच करावी.

सदाशिवगड
कारवारकडची माहिती. बैतखोलला मच्छीमारी बंदर आहे, आत गर्दी, पण बोलून जागा मिळते. तिथून दक्षिणेला नौदलाचा कदंब तळ, अंजदीव बेटही त्यांच्याच हद्दीत. दोन्हींपासून चांगलं लांबून जा, फोटो काढू नका. जवळ गेलात तर गस्तीची बोट येते आणि दिवस जातो.

काळी नदीत शिरू नका. महामार्गाचा जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये पडला, आणि डोलकाठी घेऊन नव्या पुलाखालून जायचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा तदडी बघा, गोकर्णाच्या दक्षिणेला अघनाशिनीच्या तोंडाशी.

किनारी पोलीस येतात, 26/11 नंतर ते कडक आहेत. दोघांचे आधार, बोटीची नोंदणी, विमा एका वॉटरप्रूफ पिशवीत. तीन राज्यं म्हणजे तीन कार्यालयं, नोंदणी कुठल्या राज्यात करायची ते खरेदीच्या आधी ठरवा. बेळगावच्या माणसाला एक सोपं जातं, वेंगुर्ल्यापर्यंत मराठी, पुढं कोकणी ऐकून कळते आणि होन्नावरला कन्नड. गस्तीवाल्याशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोललात की अर्धी चौकशी तिथंच संपते.

तिसरे_गेट
सगळ्यांचे आभार. मिस्टरांना @खारी_हवा यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. दोरी काढून घेण्यावर ते जरा गप्प झाले. ठरलंय असं: यंदाच्या मोसमात बोट घ्यायची नाही. मी जानेवारीत एकटी कोर्सला जाणार, त्यानंतर दोघं कुणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून आठवडाभर.

तरी एक विचारते. मुंबईत एक 27 फुटी जुनी फायबरची बोट विकाऊ आहे, मिस्टरांनी फोटो मागवलेत (यंदा घ्यायची नाही म्हटलं तरी). मालक म्हणतो नुकती रंगवलीय, आत्ता येऊन बघा, टोकन दिलं की ठेवतो. बघायला गेलो तर काय बघायचं?

मांडवीकाठ
नुकती रंगवलीय हेच आधी खटकतं. तळाला फायबरमध्ये पाणी शिरून फोड येतात, ते रंगाखाली झाकतात. कीलच्या बोल्टांभोवती गंज, जहाजाच्या तळावर कीलच्या सांध्याला आडवी भेग, डोलकाठीच्या बुडाशी डेक दबलाय का, हे बघा. इंजिन थंड असताना सुरू करून घ्या, तुम्ही पोचायच्या आधी त्यानं गरम करून ठेवलं असेल तर समजून जा.

खारी_हवा
आणि पाण्यात उभी असताना एक रुपया देऊ नका. वर काढून दाखवा म्हणावं, त्याचा खर्च तुम्ही अर्धा द्या. नाही म्हणाला तर पुढची बघा.