कापूस-टाचणी आणि नायलॉनचा धागा

वर कोणीतरी लिहिलंय की हाताची संवेदना तपासायला कापूस आणि टाचणी पुरे, बाकी सगळी बिल वाढवायची खेळणी. बिलाचं ठाऊक नाही, पण कापूस कोण किती दाबून लावतो यावर उत्तर बदलतं, खरी गोम तिथे आहे. माझं मनगट खिडकीच्या काचेने कापलं होतं, मीडियन नर्व्ह (मनगटातून अंगठा-तर्जनीकडे जाणारा, संवेदना नेणारा मज्जातंतू) शिवावी लागली. पहिल्या ठिकाणी दर वेळी कापूस फिरवून "लागतंय ना?" विचारायचे, मी डोळे उघडे ठेवून "हो" म्हणायचो, झाली तपासणी! नंतरच्या थेरपिस्ट बाईंनी मोनोफिलामेंटचा सेट काढला. नायलॉनचे जाड-बारीक धागे, त्वचेवर उभे टेकवायचे आणि वाकेपर्यंत दाबायचे. एकदा वाकला की तुम्ही कितीही जोर लावा, त्वचेवरचा दाब जवळपास तेवढाच राहतो, सगळी करामत ह्यातच. प्रत्येक जाडीला ठरलेला रंग: निळा ०.२ ग्रॅमच्या दाबाला वाकतो, जांभळा २ ग्रॅमच्या, असं. डोळे मिटायला लावले तर तर्जनीच्या टोकाला जांभळासुद्धा कळेना, तेव्हा समजलं की तव्याचा चटका मला उशिरा का कळतो. शिवलेली नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे महिनोन् महिने बाई हाताच्या नकाशावर जिथे जो धागा कळला तिथे त्याचा रंग भरत होत्या आणि रंग बोटांकडे सरकताना दिसत होते.

अर्थात "लागलं" हे पेशंटनेच सांगायचं असतं, म्हणजे शंभर टक्के ऑब्जेक्टिव्ह हेही नाहीच. पकडीची ताकद मोजणारा डायनमोमीटरपण तसाच, तीनदा दाबून सरासरी घेतात, पण मुद्दाम हळू दाबलं तर काटा काय करणार? आणि हो, दमट हवेत नायलॉन मऊ पडतो, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यातलं रीडिंग जरा जपूनच घ्यावं.