इंग्रजीत दुसऱ्यांदा येणारं क्रियापद गाळावं की ठेवावं?

काना_मात्रा
जोडवाक्यात तेच क्रियापद पुन्हा आलं की गाळायचं, ही सवय आपण मराठीतून इंग्रजीत नेतो. माझं मत: कार्यालयीन इंग्रजीत ते गाळूच नये. 'अमित मेट नेहा इन पुणे अँड गीता इन नाशिक' हे वाक्य बघा. नाशकात कोण कोणाला भेटलं? अमित गीताला, की गीता नेहाला? मराठीत 'गीताला नाशकात' किंवा 'गीता नाशकात' असं म्हटलं की एका 'ला'वर निकाल लागतो. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. नाम क्रियापदाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावरूनच कर्ता आणि कर्म कळतं. खुंटीच उपटली तर सदरा टांगणार कुठे?

अर्धविराम
'गाळूच नये' हा अतिरेक झाला. 'द फर्स्ट फ्लोअर हाउसेस द लायब्ररी; द सेकंड, द कॅन्टीन; द थर्ड, द लॅबोरेटरी.' इथे 'हाउसेस' तीनदा लिहिणं म्हणजे हातोडा मारणं. वाक्यांमध्ये अर्धविराम, गाळलेल्या जागी स्वल्पविराम, झालं काम. वाक्य छोटं आणि स्पष्ट असेल तर तो स्वल्पविरामही नको, हे इंग्रजी लेखनाच्या नियमांचं पुस्तक असलेल्या शिकागो मॅन्युअललाही मान्य आहे.

मराठीची सवय नडते ती वेगळ्याच ठिकाणी. या गाळण्याला 'गॅपिंग' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी १९७० च्या निबंधात दाखवलं की कोणतं क्रियापद गळणार हे भाषेच्या शब्दक्रमावर ठरतं. आपलं क्रियापद शेवटी, म्हणून 'अमितने चहा आणि नेहाने कॉफी मागवली' असं पहिलं गाळता येतं. इंग्रजीत पहिलं ठेवायचं आणि पुढचं गाळायचं. शिवाय जोड 'अँड' किंवा 'ऑर'ची हवी. 'बिकॉज'नंतर गाळलं तर वाक्य लंगडं.

करारनामा
भाडेकरारात मी काना_मात्रांच्या बाजूने. 'द लायसेन्सी शॅल नॉट यूज द टेरेस अँड द लायसेन्सर द पार्किंग.' (लायसेन्सी म्हणजे जागा वापरणारा, लायसेन्सर म्हणजे मालक.) मनाई दोघांना वेगवेगळी आहे, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू नयेत एवढंच? नकार दोन्ही वाक्यांना वेगवेगळा लागतो की 'अँड'ला पोटात घेतो, हे सांगता येत नाही. दोन स्वतंत्र वाक्यं करा आणि दोन्हीकडे 'शॅल नॉट' लिहा. एक ओळ वाढली तरी भांडण वाचतं.

याद्यांत आणखी एक खड्डा: 'द क्लार्क चेक्स बिल्स, स्टॅम्प्स अँड फाइल्स.' स्टॅम्प आणि फायली तपासतो, की शिक्के मारून फायलीला लावतो? इंग्रजीत अनेकवचनी नाम आणि तृतीयपुरुषी क्रियापद दोन्हींना तोच 'एस'. 'चेक्स, स्टॅम्प्स अँड फाइल्स द बिल्स' लिहा: क्रियापदं एका रांगेत, कर्म शेवटी एकदाच.

खडूफळा
तिघंही सहायक क्रियापद विसरलात. बऱ्याच चुका तिथेच होतात. 'द बोर्ड हॅज अँड विल सपोर्ट द स्कीम' चूक, कारण 'हॅज'ला 'सपोर्टेड' लागतं. रिकाम्या जागी तेच रूप जसंच्या तसं भरून बघा. बसलं नाही तर पूर्ण लिहा. 'वन मॅन वॉज किल्ड अँड थ्री इंजर्ड' मात्र या कसोटीत नापास होऊनही बातमीत खपतं. तिथे 'वेअर' घालणारा संपादक मला जास्त आवडतो.

आणि ही फसवी यादी: 'द पॉलिसी कव्हर्स फायर, थेफ्ट अँड पेज हॉस्पिटल बिल्स.' दोन नामांच्या रांगेत तिसरं क्रियापद घुसलंय. 'कव्हर्स फायर अँड थेफ्ट, अँड पेज' असं हवं. पहिला 'अँड' काटकसरीत गेला.

काना_मात्रा
मजल्यांचं मान्य. लायब्ररी काही मजल्याला जागा देत नाही, त्यामुळे अदलाबदल शक्यच नाही. पण दोन्ही बाजूंना माणसं असतील तर मी क्रियापद ठेवणारच. आणि मसुदा फोनवर वाचून दाखवताना तुमचा स्वल्पविराम कोणाला ऐकू येतो?

अर्धविराम
तिथे थांबायचं असतं! बरं, 'मेट' ठेवा. 'हाउसेस' तीनदा आलं तर मी दोन खोडणार.